लेकरांची साइट, जाहिरातीचा पैसा : प्रकल्प नोंदी, एप्रिल ते नोव्हेंबर २०२५

१२ एप्रिल, शनिवार

आजपासून हिशेब लिहायचा. साइट दीड वर्षापासून चालू आहे, पण आकडा कुठंच टिपलेला नाही, म्हणून नूतनीकरणाचा मेसेज आला की दरवेळी नव्यानं दचकतो. डोमेन ९०० रुपये, होस्टिंग २,२०० रुपये. वर्षाचे ३,१०० झाले. वहिनींच्या प्रिंटरची शाई वेगळी.

साइटवर आत्ता ४६ पानं आहेत. अक्षरं गिरवायचे कागद, रंगवायची चित्रं, कोडी आणि वऱ्हाडी शब्दांची एक यादी. चित्रं सगळी वहिनींच्या हातची. त्या दारव्हा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतात. पट ३१, शिक्षक दोन. माझं गावात ऑनलाइन सेंटर आहे: सातबारा, पीकविम्याचे फॉर्म, पासपोर्ट फोटो, झेरॉक्स. रात्री आठनंतर शटर अर्धं ओढायचं आणि साइटला बसायचं.

जाहिराती लावून पाहायच्या असं ठरलं. ३,१०० आणि शाई निघाली तरी बस्स.

२० एप्रिल, रविवार

ॲडसेन्सकडे, म्हणजे साइटवर जाहिराती लावून देणाऱ्या गूगलच्या सेवेकडे, अर्ज टाकला. खातं अठरा वर्षांवरच्या माणसाच्या नावानं लागतं, ते माझ्या नावानं. मराठी मजकूर चालतो. सोपं वाटलं होतं, पण नियम वाचता वाचता एका प्रश्नाशी गाडी अडली: साइट लेकरांसाठी आहे का? असेल तर तसं सांगणं आपल्यावर बंधनकारक आहे.

मूळ अमेरिकेत. तिथं १९९८ साली कॉप्पा नावाचा कायदा झाला आणि २००० पासून लागू झाला. तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती आईबापाच्या परवानगीशिवाय गोळा करायची नाही. २०१३ पासून कुकीसारख्या, म्हणजे साइट आपल्या फोनवर ठेवते त्या, ओळखीच्या खुणासुद्धा त्या ‘माहिती’त धरतात. याच कायद्याखाली सप्टेंबर २०१९ मध्ये गूगल आणि यूट्यूबनं १७ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं, आणि त्यानंतर यूट्यूबवर प्रत्येक व्हिडिओला ‘मुलांसाठी आहे की नाही’ हे सांगावं लागू लागलं.

आता कमाईच्या बाजूनं याचा अर्थ काय? साधारणपणे जाहिरात दिसते ती बघणाऱ्याचा माग काढून. काल चपला पाहिल्या की आज चपला मागे लागतात. साइट लेकरांची म्हणून खूण केली की हा माग बंद. मग फक्त पानावर काय लिहिलंय ते बघून जाहिरात येते. जाहिरातदार अशा जागेला कमी पैसे मोजतो. म्हणजे खरं बोललं की भाव उतरतो.

वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मंग काय, खोटं सांगता का भाऊजी?” विषय संपला. सगळ्या साइटला खूण केली.

४ मे, रविवार

अर्ज नामंजूर. कारण: मजकूर कमी मोलाचा.

राग आला, पण पानं उघडून पाहिली तर चूक आमचीच. बैलाचं चित्र, खाली ‘छापा’ असं बटण, संपलं. यंत्राला त्यात वाचायला काय मिळणार? वहिनींचं म्हणणं वेगळं: “लेकरायले वाचता येत नाही म्हणून तं चित्र काढलं न!” दोघांचंही बरोबर आहे, हीच तर अडचण.

तोडगा त्यांनीच काढला. चित्र लेकराचं, पण कागद छापतो कोण? गुरुजी, नाहीतर आई. मग चित्राखाली त्यांच्यासाठी लिहायचं. हा कागद कोणत्या वयाला द्यायचा, पेन्सिल कशी धरायला लावायची, ‘ळ’ गिरवताना लेकरं कुठं चुकतात, कोडं सुटलं नाही तर कोणती खूण द्यायची. वहिनींच्या डोक्यात चौदा वर्षांची नोकरी आहे. त्या बोलतात, मी टाइप करतो.

एका ओळखीच्या गुरुजींनी वीस स्वाध्यायांची फाइल पाठवली होती. जुन्या फॉन्टातली. माझ्याकडे उघडली तर सगळी उलटीसुलटी चिन्हं. युनिकोडमध्ये बदलली तरी ‘क्ष’ आणि रफार मोडलेले, म्हणून बसून दुरुस्त केलं. त्यातले चार स्वाध्याय तर शब्दाला शब्द बालभारतीच्या पुस्तकातले निघाले. त्यावर हक्क बालभारतीचा, म्हणून ते काढून टाकले.

१८ मे, रविवार

ऊन मी म्हणतंय. दुपारी लाइन गेली की चार-चार तास येत नाही. मोबाइलवर दोनच पानं झाली.

फाइली बारीक केल्या. एक-एक कागद ३.८ एमबीचा होता, तो ४०० केबीत बसवला. आमच्या गावात गच्चीच्या एका कोपऱ्यात नेट येतं, तिथं उभं राहून ३.८ एमबी उतरवणाऱ्या आईचा अंत पाहू नये.

८ जून, रविवार

दुसऱ्या अर्जाला मंजुरी आली. ॲड्स-टीएक्सटी नावाची बारकी फाइल मुळाशी टाकावी लागते, म्हणजे या साइटवर जाहिराती विकायचा हक्क कोणाला आहे ते जाहिरातदाराला तपासता येतं. टाकली.

पहिल्या दिवसाची कमाई ०.०३ डॉलर. दादांनी विचारलं किती भेटले, मी म्हटलं अडीच रुपये. ते काही न बोलता गोठ्याकडे गेले.

२३ जून, सोमवार

आज आपल्याकडे शाळा उघडली. बाकी महाराष्ट्रात आठवडाभर आधीच उघडली होती, पण विदर्भात उन्हापायी उशिरा. हे लिहून ठेवतो, कारण १६ तारखेपासूनच पुणे-नाशिककडची वर्दळ वाढली आणि मी समजत होतो की आपल्या जाहिरातींचा चमत्कार झाला.

योगायोग असा की कॉप्पाचे सुधारलेले नियमही आजपासूनच अमलात. मुलाची माहिती जाहिरातीसाठी तिसऱ्या कोणाला द्यायची तर पालकांची त्यासाठी वेगळी परवानगी हवी. दारव्ह्याकडच्या शाळेची घंटा आणि अमेरिकेचा नियम एकाच सोमवारी.

३० जून

जूनचा हिशेब: पानं पाहिली गेली ६,२००, कमाई १.३० डॉलर. हजार पानांमागं २१ सेंट. या चालीनं १०० डॉलरला (त्याच्या खाली पैसे सुटतच नाहीत) पाच लाखांच्या जवळ पानं लागतील. कॅल्क्युलेटर ठेवून दिला.

११ जुलै, शुक्रवार

मोठी गडबड. कोड्यांच्या पानावर जाहिरातीला शंभरात नऊ क्लिक. बाकी पानांवर शंभरात एकही पुरता नाही. आधी खूश झालो. मग शेजारच्या पहिलीतल्या पोट्टीच्या हातात फोन देऊन बाजूला उभा राहिलो. ‘पुढचं कोडं’ या बटणाखाली बोटभर अंतरावर जाहिरात. तिचा अंगठा बटणावर कमी, जाहिरातीवर जास्त. प्रत्येक वेळी भलतंच पान उघडे आणि ती माझ्याकडे बघे, आपलं काही चुकलं का म्हणून.

ही मांडणी मीच केलेली. चुकून क्लिक व्हावं अशा जागी जाहिरात ठेवायची नाही हे नियमात स्पष्ट लिहिलंय. मी ते वाचलंही होतं, पण लेकराच्या अंगठ्याच्या मापानं वाचलं नव्हतं. जाहिरात पार तळाला नेली. आपोआप मधेच पानभर येणाऱ्या जाहिरातीही बंद केल्या.

संध्याकाळी पुतण्या सांगत आला, “काका, आम्ही सेंटरवर दहा-दहा वेळा दाबलं. तुले पैसे भेटले न?” सोबत चार जण. सगळ्यांच्या तोंडावर परोपकार. त्यांना चिवडा दिला आणि समजावलं की आपल्याच जाहिरातीवर आपण दाबलं, किंवा दुसऱ्याला दाबायला लावलं, तर खातंच बंद होतं. पुतण्याचा प्रश्न: “मंग लावली कायले?”

२७ जुलै, रविवार

दोन रविवार वहिनींशी खल करून साइटचे दोन भाग केले.

पहिला लेकरांचा: कोडी, खेळ, पडद्यावर रंगवायची चित्रं. इथं एकही जाहिरात नाही. २१ सेंटांसाठी पोट्टीला भलत्या पानावर पाठवायचं नाही.

दुसरा गुरुजी-पालकांचा: कागद कसा वापरायचा, वर्गात खेळ कसा घ्यायचा, आणि छापायची फाइल. जाहिराती फक्त इथं, आणि या पानांना लेकरांची खूण नाही.

ही पळवाट तर नाही ना, यावर बराच वेळ गेला. पान मुलांसाठी आहे की नाही हे नुसत्या पाटीवरून ठरत नाही. विषय, चित्रं, भाषा, खेळ असं सगळं मिळून ठरतं. वर ‘फक्त पालकांसाठी’ लिहायचं आणि खाली नाचणारा ससा ठेवायचा, हे चालणार नाही. म्हणून वहिनींनी कसोटी काढली: पान तिसरीच्या पोराला दाखवायचं. तो पाच सेकंदांत कंटाळून मागं गेला तर पान मोठ्यांचं. ५८ पैकी सात पानांवर पोरं रेंगाळली. त्या सातांना खूण तशीच ठेवली.

५ ऑगस्ट

जुलैची पक्की कमाई आली. अंदाजात ३.०५ डॉलर दिसत होते, हातात १.३५. बाकीचे क्लिक अवैध धरून वजा झाले. चिवड्याचा खर्च वेगळा.

१० ऑगस्ट, रविवार

पुसदकडच्या एका गुरुजींनी स्क्रीनशॉट पाठवला. ‘गिरवण्याचा सराव’ या पानावर रमीची जाहिरात. खाली एवढंच लिहिलं होतं, “मॅडम, हे काय?” त्यांना वाटतं साइट वहिनी चालवतात. वहिनी दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

चूक माझी. जाहिरातींचे प्रकार अडवायची सोय खात्यातच आहे आणि मी तिकडं फिरकलोच नव्हतो. लेकरांची खूण काढली तेव्हा अशा जाहिरातींना दारही मीच उघडलं. आज बसून अडवलं: जुगार, पैशाचे खेळ, लग्न जुळवणं, वजन घटवणं, झटपट कर्ज. कमाई थोडी घटेल, घटू दे. गुरुजींना फोन करून माफी मागितली.

(२४ ऑगस्टची भर: पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदीचा कायदा संसदेनं केला. राष्ट्रपतींची सही २२ ला, म्हणजे नेमकी पोळ्याच्या दिवशी. गुरुजींना तोही निरोप धाडला.)

१७ ऑगस्ट, रविवार

तान्ह्या पोळ्याची तयारी. पुण्यामुंबईकडचे वाचक असतील तर सांगतो: पोळा मोठ्यांचा, दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा लेकरांचा. लाकडी बैल सजवून घरोघर न्यायचे आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घ्यायचा. लाकडी बैल सगळ्यांना परवडत नाही, म्हणून वहिनींनी कापून, दुमडून उभा राहणारा कागदी बैल काढला. झूल, बाशिंग, घुंगरमाळ वेगळी कापून चिकटवायची. मी तीनदा करून पाहिला. पहिले दोन बैल तोंडावर पडले, कारण मागचे पाय अर्ध्या सेंटिमीटरनं आखूड होते.

गुरुजी-पालकांच्या पानावर झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणायची गाणी, टाकल्या. आजोबांना मधे बसवून उतरवून घेतल्या. दोन झडत्यांवर वहिनींनी काट मारली. आजोबा म्हणाले त्याच तर खऱ्या.

२३ ऑगस्ट, शनिवार, तान्हा पोळा

सकाळपासून फोन तापलेला. चार दिवसांत सगळी मिळून ३१,४०० पानं उघडली गेली. शोध कसले, तर ‘तान्हा पोळा बैल चित्र’, ‘पोळा झडती’, ‘कागदाचा बैल कसा बनवायचा’. नागपूर, वर्धा, अमरावती, भंडारा. गुरुजींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांनी कागद कुठल्या कुठं नेला. आमच्या पारावर लाकडी बैलांच्या रांगेत अकरा कागदी बैल मोजले. त्यातला एक सायंकाळच्या सरीत भिजून बसला आणि त्याचा मालक रडला. पुढच्या वर्षी ‘जाड कागदावर छापा’ असं ठळक लिहायचं.

तालुक्याच्या स्टेशनरीवाल्या भाऊंचा फोन. त्यांनी दोन रुपयाला एक असे शेकडो कागद छापून विकले. म्हणे, “बैलाच्या पाठीवर आपल्या दुकानाचं नाव टाका न, पंधराशे देतो.” पंधराशे! मी हो म्हणायच्याच बेतात होतो. वहिनी: “लेकराच्या बैलावर दुकान? आन् मी तो कागद शाळेत वाटू?”

मग मी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून काढली. मुलांना ‘हे घ्या’ किंवा ‘आईबाबांना घ्यायला सांगा’ असं थेट सांगणारी जाहिरात चालत नाही. नुसत्या नावानं तो नियम मोडतो असं नाही, पण वहिनींचा मुद्दा नियमाच्या अलीकडचाच होता. भाऊंना सांगितलं: बैलावर नाही. गुरुजी-पालकांच्या पानावर ‘कागद कुठं छापून मिळेल’ या मथळ्याखाली नाव, पत्ता, दर. वर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहून. वर्षभर. भाऊ थोडे कुरकुरले, मग म्हणाले, “चालते. पर जिल्ह्यातल्या दुसऱ्या कोन्या दुकानाचं नका टाकू.” पंधराशे लगेच फोनवर आले.

३१ ऑगस्ट, रविवार

ऑगस्ट: गुरुजी-पालकांची पानं ८,७००, कमाई ९.५७ डॉलर, म्हणजे हजारी १.१० डॉलर. जूनपेक्षा पाचपट भाव, आणि जूनमध्ये तर सगळ्या पानांवर जाहिरात होती.

आत खोदून पाहिलं. त्यातली जेमतेम ४०० पानं अमेरिकेतून पाहिली गेली, पण त्यांनीच २.६० डॉलर आणले. तिथं जाहिरातीचा भाव जास्त. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा तिथं भरतात, तिथल्या शिकवणाऱ्या बायकांनी गिरवायचे कागद छापले असावेत असा माझा अंदाज. वहिनींचा ‘ळ’ कुठं पोचला!

तीन महिन्यांचे मिळून १२.२२ डॉलर, रुपयांत हजार-सत्तरच्या आसपास, तेही अजून कागदावर. भाऊंचे पंधराशे मात्र खात्यात आहेत. दादांना हाच आकडा सांगितला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

दहा डॉलर झाले की पत्ता तपासायला पिन क्रमांकाचं पत्र टपालानं येतं. मी फॉर्ममध्ये ‘मारुतीच्या देवळामागं’ एवढं इंग्रजीत लिहिलं होतं, आडनावही लिहायचं राहिलं होतं. गावात मारुतीची देवळं दोन. पोस्टमन काकांनी परदेशाचं नाव पाहून ओळखलं: “असं पत्र गावात तुम्हालेच येऊ शकते.” पिन भरला, खातं पक्कं झालं.

बँकेत स्विफ्ट कोड विचारायला गेलो, पैसे डॉलरमध्ये येणार म्हणून. शाखेला तो कोडच नाही. नागपूरच्या मोठ्या शाखेचा घ्यायचा आणि खाते क्रमांक आपला द्यायचा. साहेबांनी विचारलं, किती येणार आहेत? शंभर डॉलर म्हटलं. महिन्याला? मी म्हटलं, बघू.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल कोजागरी झाली, भुलाबाई (पोरींचा गाण्यांचा सण) उठली. महिनाभर आत्याबाईंकडून गाणी उतरवली, सोळा झाली. अंगणात पोरी खिरापत ओळखत होत्या ते ऐकून ‘खिरापत ओळखा’ हा खेळ लेकरांच्या भागात टाकला. जाहिरात नाही. सप्टेंबरची कमाई ६.४० डॉलर.

१६ नोव्हेंबर, रविवार

ऑक्टोबर ९.०५ डॉलर, एकूण २७.६७.

दोन दिवसांपूर्वी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम राजपत्रात आले. कायदा २०२३ चा. त्यात मूल म्हणजे अठरा वर्षांखालचं, अमेरिकेसारखं तेरा नाही. मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळलेली संमती लागते. मुलांचा माग काढणं किंवा त्यांच्यावर रोखलेली जाहिरात, दोन्हीला मनाई. मुलांबाबतची बंधनं मोडली तर दंड २०० कोटींपर्यंत. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिने आहेत. आमचं एकूण भांडवल ३,१०० रुपये आणि एक प्रिंटर, तरी अठरा महिने थांबायचं कारण दिसेना.

म्हणून आजच लेकरांच्या भागातून पाहुणे मोजायचा कोडही काढला. ‘तुझं नाव लिही’ ही चौकट होती, तीही काढली. नाव कुठं साठत नव्हतं, पण विचारायचंच कशाला? किती जण आले ते आता सर्व्हरच्या नोंदीतून ढोबळ कळेल, कोण आले ते नाही. आठवी-नववीची पोरं गुरुजी-पालकांच्या पानांवर येतात का, हा प्रश्न मात्र उरला. वहिनींची तिसरीच्या पोराची कसोटी इथं पुरत नाही. त्या पानांवर तूर्त माग काढणाऱ्या जाहिराती बंद करून पाहतो. भाव किती उतरतो ते डिसेंबरच्या हिशेबात कळेल.

शंभर डॉलर बहुधा पुढच्या तान्ह्या पोळ्याला पुरे होतील. भाऊंच्या पंधराशेतून शाईच्या दोन बाटल्या आणि जाड कागदाचं एक रिम आणलं. वहिनींनी संक्रांतीच्या पतंगाचं चित्र काढायला घेतलंय. शेपूट पानाबाहेर चाललं आहे. ते दुसऱ्या कागदावर छापून जोडायचं की पतंग लहान करायचा, यावर आज रात्री बसणार.